किल्ल्याकडे पाठ

कुंदामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका देखण्या घुमटाकडे पाठ करून बसल्या होत्या. आमच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. दिल्लीत असलेली ही एकुलती एक मावशी, तिला भेटायलाच हवं म्हणून अनघानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला एका जुन्या मकबऱ्याच्या बागेत नेलं. थंडीतली दुपार. शे-दोनशे माणसं घुमटाकडे तोंड करून फोटो काढत होती, आणि त्या सगळ्यांच्या समोर घडीच्या स्टुलावर एक सडपातळ बाई बसली होती. सुती साडी, वर पुरुषी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत ती आलेली असणार. मी वाकून नमस्कार केला आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, की मावशी, घुमट त्या बाजूला आहे.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "घुमट काही पळून जात नाही. माणसं जातात. ती का जातात, ते बघतेय."

माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही. मी 'अच्छा' म्हणालो. पुढची वीस वर्षं मी त्यांना बहुतेक वेळा 'अच्छा'च म्हणत आलो.

मावशींचा विषय पर्यटन. विद्यार्थिनी म्हणून दिल्लीत आल्या, मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली, एका कॉलेजात पर्यटन शिकवायला लागल्या, निवृत्त झाल्या, आणि खोली तीच राहिली. खाली झेरॉक्सचं दुकान, आजूबाजूला विद्यार्थ्यांच्या खोल्या, जिन्यात कोणाच्या तरी राजम्याचा वास. लग्न का केलं नाही असं विचारलं, तर म्हणायच्या, "वेळच नाही मिळाला, यार." हे 'यार' जिन्यातल्या मुलांकडून उचललेलं. सत्तरीला टेकलेल्या बाईच्या तोंडी ते ऐकून पुण्याहून आलेली माझी आई उगाचच पदर सारखा करायची.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. ज्या जागेचा अभ्यास करायचा, तिथं पहिले चार रविवार नुसतं बसायचं. वही उघडायची नाही. पहिल्याच दिवशी लिहायला लागलं, की माणूस घरून आणलेलंच लिहितो, असं त्यांचं म्हणणं. प्रश्नावलीचा तर त्यांना भारी राग. "प्रश्न विचारला, की माणूस शहाणा होतो," त्या सांगायच्या. "मग शहाणपण मोजून काय उपयोग? न विचारता बघावं."

एका गाइडबद्दलची त्यांची नोंद मला अजून आठवते. या भुयारातून राणी थेट आग्र्याला जायची, असं तो पाहुण्यांना रोज सांगायचा, आणि ते वाक्य यायच्या आधी न चुकता बाटलीतलं घोटभर पाणी प्यायचा. मावशींनी वहीत त्याच्यापुढं एकच शब्द लिहिला होता, 'पाणी'. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खोटं बोलायच्या आधी घसा सुकतो, जावईबापू. भला माणूस आहे तो. ज्याचा घसा सुकत नाही ना, त्याच्यापासून चार हात लांब राहावं."

महिन्यातून दोन-तीनदा त्या मेट्रोनं आमच्याकडे द्वारकेला जेवायला यायच्या. मी ज्या सरकारी कार्यालयात आहे, त्याचं पर्यटनाशी दूरचं नातं आहे. म्हणजे आम्ही कुठं जात नाही, पण बाकीच्यांनी कुठं जावं याच्या फायली आमच्याकडून जातात. त्यामुळे जेवताना परिषदा, परिसंवाद, 'व्हिजन डॉक्युमेंट' असे विषय निघायचे, आणि निघाले की मावशी म्हणायच्या, किळस येते. आमची ईशा द्वारकेत वाढलेली. तिनं एकदा विचारलं, "बाबा, किळस मतलब?" मी म्हणालो, घिन. मावशींनी ताटावरून मान वर न करता दुरुस्ती केली, की घिन ही अर्धी झाली, उरलेली अर्धी बाबांच्या ऑफिसात मिळेल. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

दिल्लीबाहेर, एनसीआरच्या कडेला एक किल्ला आहे. नाव सांगत नाही, कारण त्याची फाइल अजून माझ्याच टेबलावर आहे. या आणि अशा किल्ल्यांबद्दल लिहिणारी मंडळी बरीच वर्षं एकमेकांचं बघून एकच गोष्ट लिहीत आली होती, की महिला पर्यटकांना वारशात रस कमी. त्या लवकर कंटाळतात, सगळ्या कुटुंबाला घेऊन निघून जातात. सबब त्यांच्यात जागृती करायला हवी. मावशींनी ते वाचलं आणि स्टूल उचलून त्या किल्ल्याच्या दारात जाऊन बसल्या. एक अख्खा हिवाळा आणि एक उन्हाळा.

त्यांनी जे पाहिलं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं, म्हणून मला पाठ आहे. बाई येते. पिशवीतून पाण्याची बाटली काढते. नवऱ्याला देते, मुलांना देते, सासूला देते. स्वतः ओठ ओले करते आणि झाकण लावते. तासाभरानं तिची चाल बदलते. मग ती नवऱ्याच्या कानाशी काही बोलते, नवरा वैतागतो, आणि बुरूज बघायचे राहिलेले असताना सगळं कुटुंब फाटकाबाहेर. किल्ल्यात स्वच्छतागृह नव्हतं असं नाही. नवंकोरं होतं, फरशी घातलेलं, दारावर बाईचं चित्र. आणि कुलूप. रामवती नावाची एक सफाईवाली ते रोज सकाळी धुऊन, पुसून, कुलूप लावून किल्ली फाटकावरच्या गार्डकडे द्यायची. ते उघडायचं फक्त अधिकारी तपासणीला आले की. मावशींनी रामवतीला विचारलं, की मग तू कुठं जातेस. तिनं तटामागच्या झुडपांकडे हात केला.

"साफ हम करते हैं दीदी," ती म्हणाली होती, "जाते साहब लोग हैं।"

हे सांगताना मावशींनी हातातला घास ताटात ठेवला. अनघा उठून स्वयंपाकघरात गेली. मी म्हणालो, की मावशी, मी फोन करतो कोणाला तरी, उद्याच्या उद्या उघडेल.

"फोन नको. तुम्ही फोन कराल, ते उघडतील, तुमची पाठ वळली की परत कुलूप. साहेब आला की उघडतं, ते दारच नव्हे, जावईबापू. कागदावर यायला हवं. बायका कंटाळतात हे खोडून, बायकांना जागा नाही, असं लिहिलेलं हवं. एकदा लिहिलं गेलं, की रामवतीला कोणाच्या पाया पडायला नको. एक ओळ. बस."

वीस वर्षांत मावशींनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

आणि योग असा, की ती ओळ जिथं घालता येईल ती जागा माझ्या हातात होती. आमच्या कार्यालयाच्या मदतीनं एक संस्था 'पर्यटन संशोधनाचे भवितव्य' या विषयावर दोन दिवसांची परिषद भरवणार होती. विमानतळाजवळचं हॉटेल, देशभरातले विद्वान. परिषदेच्या शिफारशी आमच्याकडे येणार, आणि त्यांच्यावरून पुढच्या योजनेचा मसुदा होणार. भाषा जरा बरी म्हणून माझं नाव असल्यानं शिफारशी लिहायचं काम माझ्याकडे.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे परिषदेच्या शिफारशी परिषदेच्या आधी लिहितात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण त्यात सोय फार. समारोपाला पाहुणे थांबत नाहीत, छापणारा वेळेवर देत नाही, आणि विद्वान काय बोलणार हे तर सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. मी मागच्या परिषदेच्या दहा शिफारशी काढल्या, जिथं 'डिजिटल' होतं तिथं 'एआय' घातलं, आणि माझा लाडका शब्द 'यथोचित' तीन ठिकाणी पेरला. सहावी शिफारस अशी होती: 'महिला पर्यटकांमधील वारसाविषयक अनास्था दूर करण्यासाठी यथोचित जागृती मोहिमा हाती घ्याव्यात.'

ती मी वाचली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. वाचली. ती काढली, तर नऊच उरणार होत्या, आणि नऊ शिफारशी बऱ्या दिसत नाहीत. नवी लिहिली, तर साहेबांना समजावत बसावं लागणार होतं. मी दुसरा मार्ग काढला. वक्त्यांच्या यादीत मावशींचं नाव घातलं, वीस मिनिटं मिळवून दिली, आणि आपण मावशींसाठी केवढं केलं, अशा समाधानात घरी जाऊन दोनदा आमटी घेतली.

परिषदेच्या सकाळी दालनात फुलांचा, सांडलेल्या कॉफीचा आणि एसीतल्या ओल्या गालिच्याचा मिळून एक वास होता. 'जबाबदार पर्यटन' असं लिहिलेल्या फ्लेक्सखाली प्लास्टिकच्या बाटल्यांचा डोंगर. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, समई बटणानं लागली, आणि पडद्यावर एआयनं काढलेली एक सुंदरी सोळा भाषांत 'पधारो' म्हणाली. बरेच विद्वान आपला निबंध वाचून, प्रमाणपत्र घेऊन, त्याच्यासह फोटो काढून विमानाला निघून जात होते. जाता जाता अर्धवट खाल्लेल्या पॅटिसच्या बशा निबंधांच्या पुस्तिकेवर ठेवून जात होते. मीही एक ठेवली असावी.

मावशी पहिल्या रांगेत होत्या, पण खुर्ची उलटी फिरवून. व्यासपीठाकडे पाठ, श्रोत्यांकडे तोंड. संयोजकांपैकी एकानं माझ्या कानाशी येऊन हिंदीत विचारलं, की मॅडमची तब्येत ठीक आहे ना. मी म्हणालो, बिल्कुल, त्या काम करतायत. वही उघडी होती. पाहुण्यांची वाट बघण्याच्या त्या दोन तासांत त्यांनी सगळ्यांना वाटलेली पिशवीही उघडली होती. पेन, चावीची कडी, सुक्या मेव्याचा डबा आणि तळाशी एक गुळगुळीत पत्रक: 'परिषदेने एकमताने संमत केलेल्या शिफारशी.' खाली दुसऱ्या दिवसाची तारीख. छापणाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा काम वेळेवर दिलं होतं, आणि कोणीतरी उत्साहानं ती पत्रकं सकाळीच पिशव्यांत भरून टाकली होती. इतक्या विद्वानांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण पिशवीचा तळ बघणाऱ्या मावशी एकट्याच.

त्यांनी मला खुणेनं बोलावलं. पत्रकावर तीन 'यथोचित' पेन्सिलीनं गोल केलेले होते. त्यांनी ते तीन गोल मला दाखवले आणि परत लोकांकडे बघायला लागल्या. वीस वर्षं मला ओळखणाऱ्या बाईला हस्ताक्षराची गरज नव्हती.

वेळ पुढं सरकत गेली तशी मावशींची वीस मिनिटं आधी दहा झाली आणि जेवणानंतर पाच. त्या उठल्या, कागद घेतलाच नाही, आणि अध्यक्षांना विचारून त्यांनी सहावी शिफारस मोठ्यानं वाचली. मग समोरच्या बायकांना हिंदीत सरळ विचारलं, की सकाळपासून किती जणी बाहेर त्या बाईच्या चित्राच्या दारापर्यंत जाऊन आल्यात. हशा पिकला. काही हात वर झाले, मग बरेच. त्यांनी किल्ला सांगितला, बाटलीचं झाकण सांगितलं, रामवती सांगितली. शेवटी म्हणाल्या, की आज इथल्या दाराला कुलूप असतं तर ही परिषद जेवणाआधी संपली असती, आणि मी उद्या निबंध लिहिला असता, की संशोधकांना संशोधनात रस उरलेला नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं, झालं, जिंकली मावशी. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, की दुपारच्या जेवणानंतर अशा विनोदी भाषणाची फार गरज होती, आणि त्यांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं. एकानंही एक प्रश्न विचारला नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं; ते हसले, आणि परत पॅटिसकडे वळले. तेव्हा मला जे वाटलं, त्याला घिन म्हणत नाहीत, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी समारोप. शिफारशी वाचायचा मान माझा. वर जायच्या आधी मी आमच्या साहेबांना गाठलं आणि म्हणालो, की सर, सहावी वाचताना बदलू का, काल चर्चा झालीय. ते म्हणाले, "छप चुका है यार, अब क्या?" हे त्यांनी अगदी प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून सांगितलं. माझ्या खिशात पेन होतं. समोर माइक होता. माइकवर मी काय वाचतोय, ते पत्रकाशी ताडून बघणारा त्या दालनात एकही माणूस नव्हता, एक सोडून.

मी पाचवी वाचली. आणि मान वर केली, तर मावशींनी खुर्ची सरळ केली होती. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच, जिकडे सगळे बघतात तिकडे बघत होत्या. मी ग्लास उचलला, पाणी प्यायलो, आणि सहावी वाचली. छापली होती तशीच्या तशी, 'यथोचित' धरून.

सगळं एकमतानं संमत झालं. मावशींनी हात वर केला होता, विरोधात. तो मोजायची आमच्याकडे पद्धत नाही.

परतताना त्यांना मुनिरक्याला सोडलं. गाडीत मी बराच वेळ कारणं सांगत होतो. छपाई, साहेब, पुढची परिषद, योजनेचा दुसरा टप्पा. झेरॉक्सच्या दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा त्यांनी दार उघडलं, स्टूल काखेत मारलं आणि म्हणाल्या, "त्या विद्वानांचं जाऊ दे. त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

जन्मात पहिल्यांदा त्या मला 'तू' म्हणाल्या. जावईबापूचा मान त्या जिन्याखाली संपला.

त्यानंतर आमच्याकडे जेवायला आल्या, ईशाशी गप्पा मारल्या, मला भाजी वाढली. कधी विषय काढला नाही. जानेवारीत छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेल्या. खांदा द्यायला मी, अनघाचा भाऊ आणि त्या जिन्यातली मुलं. खोली रिकामी करायचं काम आमच्याकडे आलं. अनघानं साड्या घेतल्या, कॉलेजनं वह्या नको म्हणून सांगितलं, त्या आता आमच्या दिवाणाखाली आहेत. मी स्टूल घेतलं.

शेवटच्या वहीत परिषदेची पानं होती. कोण कधी उठलं, कोणी कोणाचा निबंध ऐकला नाही, पॅटिस किती उरले. सगळ्यांत शेवटी पेन्सिलीनं एक ओळ: 'जावई. सहावीच्या आधी पाणी प्यायला. बरं वाटलं.'

ती वाचून मी तसाच उठलो आणि ईशाला हाक मारून वही तिच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी स्टूल घेऊन मी एकटाच त्या किल्ल्यात गेलो. मावशींच्या नियमाप्रमाणे वही नेली नाही. दारात बसलो, किल्ल्याकडे पाठ करून. बाया येत होत्या, बाटल्या निघत होत्या, झाकणं लागत होती. सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच. दुपारी मला राहवेना. गार्डकडे जाऊन मी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि किल्ली मागितली. त्यानं कारणसुद्धा विचारलं नाही. "जी साहब," म्हणाला आणि दिली. दोन मिनिटांचं काम. मी कुलूप काढलं. बादली घेऊन जाणारी एक बाई थांबली, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आप जाइए. रामवतीनं बादली खाली ठेवली आणि आत गेली. मग रांग लागली. मी हातात कुलूप धरून उभा होतो. एवढं सोपं होतं, याचीच मला सगळ्यांत जास्त किळस आली.

पुढच्या रविवारी गेलो, तर परत कुलूप. मावशींनी सांगितलं होतंच.

या वर्षीच्या परिषदेची फाइल आता आली आहे. शिफारशी नेहमीप्रमाणे आधीच लिहायच्या आहेत. मी सहावी बदलून पाठवली: 'महिला पर्यटक व महिला कर्मचारी यांच्यासाठीची स्वच्छतागृहे उघडण्याच्या वेळेपासून बंद होण्याच्या वेळेपर्यंत उघडी ठेवावीत.' 'यथोचित' घातलं नाही. साहेबांनी ती खोडून जुनी लिहिली आणि फाइल परत पाठवली. मी त्यांची खोडून नवी लिहिली. आतापर्यंत ती आमच्यात चार वेळा जाऊन आली आहे, आणि हल्ली ते मला खांद्यावर हात ठेवून यार म्हणत नाहीत.

काल पाचव्यांदा आली. मी पेन उचललं. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, तो भरलेला तसाच राहिला.